चिमूटभर मोरचूद

सत्तरच्या दशकात मस्तगडला माझं खत-औषधांचं दुकान होतं. मोसंबीवाले झाडांच्या बुरशीसाठी मोरचूद, ते निळं विष, किलोनं न्यायचे. एकदा धोतरातला एक अनोळखी माणूस म्हणाला, "मालक, चिमूटभर मोरचूद द्या. माशासाठी पायजे."

"मारायचाय का?" मी हसलो.

"न्हाई हो, जगवायचाय! आमच्या शेठनी मुंबईहून समुद्राचा मासा आणलाय. अंगावर पांढरे ठिपके उठलेत, बारीक किडेच ते. बाकीच्या माशांना लागू न्हाई म्हणून येगळ्या बरणीत ठिवलाय. सव्वा महिना, बाळंतिणीवानी."

संध्याकाळी मी मुद्दाम शेठच्या घरी बघायला गेलो. त्यानं आधी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग खाऱ्या पाण्यात मोरचुदाचं निळं पाणी थेंब थेंब सोडलं. थेंब पडला की तो श्वास रोखायचा, आणि पिवळा मासा हलला की सोडायचा.

"किडा मरावा अन् मासा वाचावा," तो म्हणाला, "बस, तेवढंच करून राह्यलो."

मग रोज दुकानावरून जाताना तो उरलेले ठिपके बोटांनी दाखवायचा. आधी दाही बोटं, मग चार, मग एक. एका सकाळी त्यानं नुसतीच मूठ नाचवली.

सव्वा महिना भरला त्या दिवशी तो आला. उजव्या हातात पेढे, डाव्या हातात उरलेल्या मोरचुदाची पुडी, परत करायला.

"बाळंतीण उठली, मालक! मोठ्या टाकीत फिरून राह्यली!"

मी पेढ्याला हात घातला, तर त्यानं पेढे मागे घेतले.

"आधी हात धुवा. दिवसभर मोरचूद तोलता तुम्ही."

मोरचूद विकत इतकी वर्षं गेली होती. माझ्या हातांची काळजी करणारा तो पहिलाच.