विज्ञानाची की विमानाची

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला ठिबकच्या नळ्यांचं बंडल उलगडून दाखवत होतो. "भावजी, हे सकाळी गेले. चार वाजता नेणार हायती," त्या म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "काय सांगितलं मी?" मी म्हणालो, "हणमंत गेला. चार वाजता नेणार." "बरोबर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या घरात दळणाच्या निरोपापासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत सगळं ऐकणाऱ्याला परत म्हणून दाखवावं लागे. हणमंतनं लावलेली ती शिस्त त्याच्या मरणाच्या बातमीलाही चुकली नाही. मी सांगलीहून निघालो आणि माण तालुक्यातल्या त्यांच्या गावात पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

हणमंत आणि मी साताऱ्याला कॉलेजात एका खोलीत राहिलो. त्याचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले सहा महिने गावाबाहेर असायचे, माझ्या वडिलांचं सांगलीत पाइपांचं दुकान. दोघंही भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. तो माझ्या वह्या वापरायचा आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवायचा, याचा मला तेव्हा राग यायचा, आता येत नाही. पदवी घेऊन मी वडिलांच्या गल्ल्यावर जाऊन बसलो. हणमंतनं पेपरात एक जाहिरात बघितली, परीक्षा दिली आणि विमानतळाच्या टॉवरमध्ये गेला. विमानांना थांबा, उतरा, आता उडा असं सांगणारा जो अधिकारी असतो, एअर ट्रॅफिक कंट्रोलर, तो झाला. आम्हां मित्रांना वाटायचं, हा हातात झेंडे घेऊन धावपट्टीवर उभा राहत असणार. तो म्हणायचा, "झेंडं न्हाईत गड्या, नुसतं कान हायती. कंट्रोलर म्हंजे दोन कान आन् एक थंड डोकं."

त्याच्या कामाचा कणा एकच होता. कंट्रोलरनं सूचना द्यायची, वैमानिकानं ती शब्द न् शब्द परत म्हणायची, आणि ते परत म्हटलेलं कंट्रोलरनं कान देऊन ऐकायचं. बरोबर असेल तर "बरोबर", नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. नोकरीनं हणमंतला देशभर फिरवलं, पण ही सवय त्यानं सुट्टीवर येतानाही कधी उतरवून ठेवली नाही. दिवसभर इंग्रजी बोलून तोंड आंबतं म्हणून आमच्याशी मात्र मुद्दाम मराठी शब्द वापरायचा. विमानतळ, धावपट्टी, पदवी... गावच्या बोलीत मधूनच असा एखादा शब्द पेरायचा आणि आम्ही हसलो की खूश व्हायचा.

माझी मुलगी अनुजा लहानपणापासून त्याच्या गोष्टी ऐकत वाढली. बारावीचा निकाल लागला आणि तिनं जाहीर केलं, मला हणमंतकाकांसारखं व्हायचंय. त्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका कॉलेजचं माहितीपत्रक घरी आलं. गुळगुळीत कागद, वर विमानाचं चित्र, टाय लावलेली मुलंमुली, आणि ठळक अक्षरांत विमानशास्त्राची तीन वर्षांची पदवी. पोरगी त्या कागदाच्या प्रेमात पडली, आणि खरं सांगायचं तर मीही पडलो. हणमंत तेव्हा गुवाहाटीला होता. मी दुकानातून फोन लावला. लाइन खरखरत होती, समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेट, पोरीला साधी विज्ञानाची पदवी घिऊ दे. फुडचं मी बघतो. परत म्हण." मी म्हणालो, "विमानाची पदवी घ्यायची. पुढचं तू बघणार." क्षणभर नुसती खरखर. मग "बरोबर" एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. घरी जाऊन मी सांगितलं, काका म्हणाले, विमानाची पदवी घे.

तीन वर्षं अनुजानं मन लावून अभ्यास केला. विमानतळाचं व्यवस्थापन, हवाई नियम, हवामानाचे अहवाल, सगळं शिकली आणि पहिल्या वर्गात पास झाली. कंट्रोलरच्या भरतीची जाहिरात निघाली. अर्ज भरायला बसलो तिथं घोडं अडलं. पदवी हवी होती ती भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या बी.एस्सी.ची, नाहीतर इंजिनिअरिंगची. काही विमान-पदव्यांत हे विषय असतातही म्हणे, अनुजाच्या पदवीत नव्हते. मुलगी संगणकासमोरून उठली, न जेवता झोपली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हणमंत त्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन गावी आला होता. कळल्यावर तो दुसऱ्या दिवशी सांगलीत हजर झाला. चपला काढायच्या आधी त्यानं मला विचारलं, "त्या दिवशी फोनवर मी काय म्हणालो हुतो?" मी म्हणालो, "विमानाची म्हणालास." तो ओसरीच्या पायरीवर बसला. "मी विमानाची म्हणणं शक्य न्हाई. मी विज्ञानाचीच म्हणालो आसणार. तुला विमानाची ऐकू आलं, तू तसंच परत म्हणालास, आन् मी बरोबर म्हणालो." मग म्हणाला, "परत म्हटलेलं ऐकणं हे आमचं काम, शेट. चूक माजी हाय. माज्या कानाची हाय." अनुजा दारात उभी होती. उठून तिच्यासमोर हात जोडून हा माणूस म्हणाला, "पोरी, तुझी तीन वर्सं माज्या कानानं खाल्ली."

मी गप्प बसलो. ते गप्प बसणं आज इथं लिहायचं आहे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला त्या दिवशी "विज्ञानाची" असंच ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. पण मी स्वतः विज्ञानाची पदवी घेऊन पाइप विकत होतो. तीच पदवी मुलीला द्यायची म्हणजे तिलाही गल्ल्यावर बसवायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे हा माझा जुना बाणा. समोर ते माहितीपत्रक पडलं होतं. "परत म्हण" म्हटल्यावर मी विमानाची म्हणालो, म्हटलं बघू तरी काय म्हणतोय, आणि खरखरीतून "बरोबर" आल्यावर ते घाईघाईनं खिशात टाकलं. आमच्या धंद्यात याला लबाडी म्हणतात. ओसरीवर तो हात जोडून उभा असताना मी एका वाक्यात ते मिटवू शकलो असतो... मुलगी बघत होती, आणि मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

अनुजानं सांगलीतल्याच कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून बी.एस्सी.ला नाव घातलं. वयाची अट होती, पण हिशेब बसत होता. हणमंत दर रविवारी पहिल्या एसटीनं निघून विट्यात गाडी बदलून सांगलीला यायचा आणि आमच्या वरच्या खोलीत तिला घेऊन बसायचा. ताटात शेंगदाणे मांडायचा. हा एक इकडून येतोय, हा तिकडून, हा वर घिरट्या घालतोय. आता डोळं मीट आन् सांग, कोण कुठं हाय? इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचा. "आवाज चढवू नगो, उतरवू नगो. आग लागली तरी दूध उतू गेल्यासारखं सांगायचं." चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो. तेव्हा तो जेवताना म्हणायचा, "शेट, तुज्या पोरीपायी मी अर्धा जैन झालो बघ." आम्ही हसायचो. मी मात्र आमटी आणायच्या निमित्तानं उठायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. जाताना तो प्रत्येक वेळी अनुजाला पुढच्या रविवारचा अभ्यास सांगायचा, तिच्याकडून म्हणवून घ्यायचा, आणि मग पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा म्हणवून घ्यायचा. पूर्वी एकदा म्हटलं की त्याचं भागायचं.

अनुजा निवडली गेली. प्रशिक्षणात पहिले काही आठवडे ती सगळ्यांच्या पुढं होती, कारण हवामानाच्या अहवालांची आणि हवाई नियमांची भाषा तिला आधीच येत होती. इंजिनिअर झालेली पोरं तिच्याकडून समजून घ्यायची. पुढं सगळे एका रांगेत आले. मी हणमंतला म्हणालो, म्हणजे ती तीन वर्षं अगदीच वाया गेली नाहीत. तो म्हणाला, "न्हाई गेली. पण ती पदवी आत गेल्यावर कामाची. दाराशी तिला कोण इचारत न्हाई, आन् खरं शिक्षाण तर टॉवरमदीच हुतंय." आता सांगली-साताऱ्याचे पालक मला विचारतात, कुठल्या कॉलेजात घातलं होतं हो? त्यांना मी हणमंतचंच सांगतो: कॉलेजचं माहितीपत्रक नंतर वाचा, आधी भरतीची जाहिरात वाचा. गेल्या वर्षी अनुजानं टॉवरमध्ये पहिल्यांदा एकटीनं माइक हातात घेतला, त्या दिवशी हणमंतनं गावच्या शाळेत पेढे वाटले. मीही तिथं गेलो होतो, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "फिटलं गा एकदाचं." काय फिटलं ते मला ठाऊक होतं. तरीही मी बोललो नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला पुन्हा गावी गेलो. त्या कपाटातले कागद काढून बसल्या होत्या, पेन्शनसाठी काही लागणार होते. इंग्रजीतले कागद त्या एकेक करून माझ्या हातात देत होत्या आणि मी काय आहे ते सांगत होतो. त्यात साताऱ्याच्या एका दवाखान्याचा कागद निघाला. आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता, त्यात दोन कानांच्या दोन रेषा, खाली डॉक्टरांचा शेरा. "ह्यो कशाचा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कानाच्या तपासणीचा." "कानाला काय झालं हुतं त्यांच्या?" मी शेरा वाचला. दोन्ही कान उत्तम होते, त्या वयाच्या माणसाचे असतात त्याहून चांगले. "काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "मग गेले कशाला? मला तर म्हणाले, बीपी बघून येतो."

तारीख वर कोपऱ्यात होती. आमच्या ओसरीवर तो हात जोडून उभा राहिला, त्याच्या पुढच्या आठवड्यातली.

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. गुवाहाटीचा फोन, माहितीपत्रक, मी काय ऐकलं आणि काय म्हणालो. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तवापास्नं ते फोन घेत न्हवते. कुणाचं पोरगं काय इचारायला लागलं तर म्हनायचे, घरी या, फोनवर माजं काय खरं न्हाई. लोक म्हनायचे, सायबाला गर्व आला." नंतर त्यांनी तो तक्ता माझ्या हातातून परत घेतला. "डॉक्टरनं लिहून दिलं तरी पटलं न्हाई बघा त्यास्नी. तुमी सांगितलं आसतं तर पटलं आसतं."

परत निघताना मी तो कागद मागितला. म्हणालो, अनुजाला दाखवायचा आहे, तिलाही सांगायचं आहे. वहिनींनी कागदाची घडी घातली, हातानं दाबली आणि कपाटात हणमंतच्या चष्म्याखाली ठेवून दिली. "तिला तोंडानं सांगा भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या."