झाकणाच्या आतला कागद

दत्ताभाऊंनी मला एकदाच विचारलं होतं, "कांबळे, त्या खणाच्या झाकणाला आतून कागद होता काय रे?" मी म्हणालो, नव्हता. कागद होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि दत्ताभाऊ गेल्यावरही सहा आठवडे मी हे कुणाला सांगितलं नाही.

ते गेल्याचं मला इथे आखातात, सलमाबादच्या आमच्या गॅरेजात, माझ्या टेबलावर कळलं. आम्ही दोघं अकरा वर्षं एका खोलीत राहिलो. ते गुहागरकडचे, जुन्या गाड्यांच्या बॉडीकामातले मुरलेले कारागीर. मी साताऱ्याचा, एसी ऑफिसात बसून गाड्यांच्या कामांची जॉब कार्डं लिहिणारा. त्या शनिवारी सकाळी छातीत जड वाटतंय म्हणाले. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर हात झटकला. "गॅस झालाय रे. तू हो पुढं, मी मागनं येतो." तासाभरात आमच्या बिल्डिंगमधल्या स्वयंपाक्याचा फोन आला, "भाई, दत्ताभाऊ उठ नहीं रहे..." मी समोरचं जॉब कार्ड पूर्ण लिहिलं, सही केली आणि मग उठलो. असं का केलं, ते अजून मला कळत नाही.

गोष्ट एका पिकअपची आहे. जवळच्याच रिफा गावच्या एका हाजींच्या वडिलांनी ती पन्नासेक वर्षांपूर्वी शोरूममधून नवी घेतली होती. मधल्या काळात तिच्यावर कुणी काय काय चढवलं होतं. हाजी म्हणाले, "मेरा बाबा जैसा लाया, वैसा करो. ज़्यादा मफी." मफी, म्हणजे जादा काही नको. त्यासाठी आधी हे शोधायचं, की कारखान्यातून निघताना तिच्यात काय जादा बसवलेलं होतं आणि काय नंतरचं. तशा पिकअपमध्ये डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर त्या सगळ्याचे कोड छापलेले असतात. तो मिळाला तर काम एका दुपारचं. गाडी खोलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढणं माझ्याकडे होतं. त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. झाकण उघडलं, तपकिरी पडलेला कागद दिसला, जुनं स्टिकर असेल म्हणून पुढे गेलो आणि यादीवर 'फोटो झाले' अशी खूण केली. जुना रंग काढायला झाकण वाळूच्या माऱ्याखाली गेलं आणि कोरा पत्रा होऊन परत आलं. दत्ताभाऊंनी विचारलं तेव्हा कुठे मला समजलं, मी काय घालवलं ते. आणि मी नाही म्हणालो.

त्यांनी माझ्या शब्दावर शंका घेतली नाही. "मग गाडीलाच विचारू," म्हणाले. त्यांच्याकडे लांब दांड्याचा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा होता. तो आणि बॅटरी घेऊन ते पत्र्यातलं एकेक होल आतून बघायचे. होलच्या कडेला आतून मूळ रंग असेल तर ते कारखान्यातलं, रंगाच्या आधी पाडलेलं. कडेला उघडं लोखंड आणि गंज असेल तर कुणीतरी मागाहून ड्रिल मारलेलं. दिवसा रोजची कामं, म्हणून हे सगळं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. मी चहा घेऊन गेलो की गाडीखालून आवाज यायचा, "काय कांबळे सायेब, एसीतनं होलं दिसतात काय?" मी हसायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं... आणि चहाचा कप खाली ठेवून परत फिरायचो.

असे नऊ शुक्रवार गेले. गाडीतला एसी मागाहूनचा निघाला. मागच्या जाड पाट्यांच्या स्प्रिंगा आणि दुसरी पेट्रोलची टाकी मात्र कारखान्यातली. रेडिओवरून हाजी हटून बसले. लहानपणी या गाडीत गाणी ऐकल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. दत्ताभाऊंनी त्यांना फेंडरपाशी, पुढच्या चाकावरच्या पत्र्यापाशी नेलं. "हाजी, एरियल का होल ही नहीं है. ये फेंडर भी पहले का है. रेडिओ नहीं था." हाजींनी पत्र्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाले, "तो फिर मेरा बाबा गाता था." त्या दिवशी खोलीवर येताना दत्ताभाऊ किती खुशीत होते... आणि मी शेजारी बसून हिशेब मांडत होतो, की कागद असता तर या माणसाचे इतके शुक्रवार वाचले असते.

कारण त्यांची रजा मंजूर होती. गावी त्यांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं होतं. वहिनी रोज फोनवर सांगायच्या, पाणी गोड आहे, या एकदा. पण हाजींना शब्द दिला होता, गाडीचा छडा लावूनच जाईन. त्यांनी तिकीट दोनदा पुढे ढकललं. शेवटचं होल बघून झालं तो शुक्रवार होता. तिकीट पुढच्या बुधवारचं होतं, आणि शनिवारी सकाळी ते गेले. बुधवारीच गेले गावाला, पण पेटीतून. हृदयाचं दुखणं कुठेही गाठतं, असं मला सगळे सांगतात. असेलही. पण ते दोन महिने आधी घरी असते, विहिरीचं पाणी पिऊन झालं असतं, एवढं तर नक्की.

खोलीतली त्यांची कॉट अजून रिकामी आहे. त्यांचं सामान मीच बांधून पाठवलं. कपडे, घड्याळ, आणि तो आरसाही. गेल्या शुक्रवारी वहिनींचा फोन आला. त्यांनी इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या, मग आवाज खाली आणून विचारलं, "भावोजी, एक विचारू? सामानात दातांच्या डॉक्टरसारखा आरसा हाय. ह्यांना दातांचं काय दुखणं होतं काय? आमच्यापासून लपवलं असलं तर सांगा. मी रोज तो हातात घेऊन बसते."

"नाही वहिनी," मी म्हणालो. "त्यांनी काही लपवलं नाही. लपवलं मी." मग झाकण, कागद, ती खूण, माझं 'नव्हता', सगळं ओळीने सांगितलं. पलीकडे पंप चालू होता, पाणी कशात तरी पडत होतं. मी आरशाचा उपयोग सांगितला, दत्ताभाऊ त्यात काय बघायचे ते सांगितलं, आणि जे दत्ताभाऊंना सांगायचं होतं ते त्यांच्या बायकोला सांगितलं.

"तो कागद होता, वहिनी. माझ्यामुळे ते तुमच्याकडे वेळेवर आले नाहीत. मला माफ करा."