वेंडल बसत नाही

माझा धाकटा भाऊ वेंडल एका जागी बसलेला मी कधी पाहिला नाही. जेवताना टेबलाखाली त्याचा गुडघा हलतो आणि सगळ्यांच्या कपातली कॉफी हिंदकळते. लहानपणी चर्चमध्ये आई त्याच्या मांडीवर प्रार्थनेचं जाडजूड पुस्तक ठेवायची, वजनानं तरी पाय थांबेल म्हणून. पुस्तक पडायचं, पाय चालूच. शेवटी वडिलांनी वैतागून त्याला शाळेच्या कुस्तीत घातलं, तेव्हा कुठे आमच्या घरातल्या काचा शाबूत राहायला लागल्या.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात कुस्ती खेळलेला माणूस कानांवरून कळतो. वेंडलचे दोन्ही कान मोडलेत, पण मोठं पदक काही हाती लागलं नाही. राज्याच्या अंतिम लढतीत एका गुणानं हरला, आणि गावातले लोक अजून त्याला त्याची आठवण करून देतात, जसा काही तो विसरलाय. कॉलेज संपल्यावर तो तिथेच सहायक कोच म्हणून राहिला तो राहिलाच. मध्यंतरी लग्न झालं, मोडलं. बायको भली होती बिचारी. जाताना मला म्हणाली, "मार्लिस, हिवाळाभर तो त्या पोरांचा असतो आणि उन्हाळाभर पुढच्या हिवाळ्याचा. माझा महिना कुठला?" मी काय सांगणार, कपाळ?

पोरं कॉलेजात आणायची, हे सहायक कोचचं खरं काम. त्यासाठी पोराच्या घरी जायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि वाढतील ते खायचं. बाप शिष्यवृत्तीचं विचारतो. आई फिरून फिरून एकच विचारते, "तिथे माझ्या पोराकडे बघायला कोण असेल?" हेड कोच रस्क शेवटी येऊन नुसता हात मिळवून जायचा. "मी असेन," असं म्हणायचा तो वेंडल. आणि असायचा. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहून चिडलेली, रडकुंडीला आलेली पोरं त्याच्याच गाडीत बसलेली दिसायची. लढतीच्या वेळी मॅटच्या कोपऱ्यात कोचसाठी दोन खुर्च्या मांडतात. एकीवर रस्क बसायचा. दुसरीच्या मागे वेंडल उभा.

गेल्या वसंतात रस्क दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात गेला. पोरांना त्यानं मेसेज पाठवला, वेंडलला तेवढंही नाही. त्याला पोरांकडून कळलं. आता हेड कोच वेंडलच, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. लोक किराणा दुकानात त्याचं अभिनंदन करत होते आणि हा वेडा लाजत होता. मग कॉलेजनं पेनसिल्व्हेनियाहून ट्रेंट कॅस्टील नावाचा माणूस आणला. दोनदा राष्ट्रीय विजेता, पांढरेशुभ्र दात, वय माझ्या गाडीएवढं. मी त्या दिवशी कॉलेजची टोपी कुत्र्याच्या खोपटात टाकली. वेंडल एवढंच म्हणाला, "चांगला कोच आहे तो." मला त्या बोलण्याचाच जास्त राग आला.

नवा हेड कोच आपली माणसं बरोबर आणतो, ही रीतच आहे. कॅस्टीलनं आणली, पण एक जागा ठेवली होती. त्यानं वेंडलला बोलावून स्वच्छ सांगितलं, "कोच गेला की पोरांनाही महिनाभर कॉलेज बदलायची मुभा असते, तुम्हाला माहीत आहेच. तीन पोरं जायच्या बेतात आहेत. ती तुम्ही आणलेली. ती राहिली तर ही जागा तुमची. गेली तर मला नवी पोरं आणणारा माणूस बघावा लागेल." यात खोट काढायची मी फार खटपट केली. निघाली नाही.

वेंडलच्या खांद्याचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं, हात गळ्यात. म्हणून त्या तीन पोरांच्या घरी जायला गाडी मी चालवली. जन्मभर शाळेची बस चालवली आहे मी, दंगेखोर पोरांची मला सवय आहे. पण या पंचावन्न वर्षांच्या पोरानं जीव नकोसा केला. खिडकी खाली, खिडकी वर. सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या, टरफलं कपात थुंकायची. रेडिओ लाव, रेडिओ बंद कर.

पहिलं घर शेली ब्रँडवोल्डचं. ती बँकेत कामाला आहे, आमच्यासाठी मुद्दाम लिंबाच्या वड्या करून ठेवल्या होत्या. इकडचं तिकडचं झालं आणि तिनं विचारलंच, "कोच, तुम्ही तिथे असाल ना?"

टेबल हलायला लागलं. वेंडल म्हणाला, "माहीत नाही, शेली. माझं अजून ठरलेलं नाही."

तिनं उरलेल्या वड्या डब्यात घालून आमच्या हातात दिल्या. त्यावरूनच मी समजले, हिचा पोरगा जाणार.

गाडीत बसल्याबरोबर मी तोंड सोडलं. "हो म्हणायला जीभ झडली होती का तुझी?"

"खोटं आहे ते."

"खोटं कसं? तू हो म्हणालास की पोरगा राहतो. पोरगे राहिले की तू राहतोस. म्हणजे खरंच झालं की."

"ती जागा कॅस्टीलच्या हातात आहे, मार्लिस. दुसऱ्याच्या हातातलं मी कसं वाटू?"

"मग फोनवर सांगायचं. इतकं पेट्रोल जाळून नाही म्हणायला आलास?"

"शब्द इथे येऊन दिला होता. रस्ता बघ."

दुसरं घर लाइल जाडेनचं. डुकरं पाळतो आणि बोलतोही तसाच, फटकन. "तू नसशील तर माझा पोरगा कशाला राहील तिथे?" म्हणाला, आणि बूट चढवून डुकरांच्या गोठ्याकडे निघूनही गेला. आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात त्याच्या मांजरीसमोर उभे.

तिसऱ्या घराच्या वाटेवर कॅस्टीलचा फोन आला. हात अडकलेला, म्हणून वेंडलनं स्पीकर लावला. "ब्रँडवोल्ड गेला, जाडेन गेला," कॅस्टील म्हणाला. "एमेट कुबिचेक तरी राहू दे. माझा हेवीवेट तोच आहे. तो राहिला तरी जागा तुमची. शुक्रवारपर्यंत कळवा. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

मी गाडी खडीच्या रस्त्यावर बाजूला घेतली आणि किल्ली काढली. "हो म्हणणार असशील तरच पुढे नेते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि चालायला लागला. दोन्हीकडे नांगरलेली काळी शेतं, भणाण वारा, आणि मधून हा एक हात गळ्यात बांधून तरातरा. मी मागून गाडी रांगवत नेली. खिडकीतून त्याला गाढव म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. या माणसाला कुस्तीखेरीज काही येत नाही. ते गेलं तर तो सकाळी उठून कुठे जाणार, ही एकच काळजी मला पोखरत होती. शेवटी धाप लागली तेव्हा मुकाट्यानं गाडीत येऊन बसला.

एमेटची आई डेनिस कुबिचेक वृद्धाश्रमात कामाला जाते. कामाच्याच कपड्यांत होती. तिनं बीन्सचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल वाढले. एमेट फ्रिजला टेकून उभा होता, अख्खा फ्रिज झाकून.

"तुम्ही असाल का?" डेनिसनं विचारलं.

मी टेबलाखालून लाथ मारली. तेवढ्यापुरता त्याचा पाय थांबला होता.

"माहीत नाही," वेंडल म्हणाला. "असेन म्हणून सांगितलं होतं मी, इथेच बसून. आज तसं सांगता येत नाही. एमेटनं माझा विचार न करता ठरवावं."

डेनिसला राग आला. "तुमच्या भरवशावर पाठवला होता मी त्याला," ती म्हणाली. वेंडल म्हणाला, "हो." एमेट आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आला आणि वेंडलच्या गळ्यातल्या पट्ट्याची गाठ घट्ट करून दिली.

शुक्रवार आला, गेला. कुबिचेकांकडून काही निरोप नाही. कॅस्टीलनं दुसरा माणूस घेतला आणि तसं वेंडलला स्वतः येऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यात एमेटनं कळवलं की तो राहतोय.

मी डेनिसला फोन केला, भांडायलाच. म्हटलं, "बाई, चार दिवस आधी तोंड उघडलं असतंत तर?" ती म्हणाली, "मी त्याला जा म्हणत होते, मार्लिस. तो ऐकेना. म्हणाला, कोच गावातच राहतात ना? मग झालं."

हे मी वेंडलला सांगितलं. तो अंगणात गेला आणि आधीच कापलेलं गवत पुन्हा कापत बसला, एका हातानं.

ऑगस्टपासून तो माझी जुनी शाळेची बस चालवतो. म्हणजे बसावं लागतंच, पण सिग्नलला स्टीअरिंगवर तबला वाजतो. नोव्हेंबरात घरच्या मैदानावरची पहिली लढत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं दारात तिकीट काढलं. तिकीट फाडणारी बाई पैसे घेत नव्हती, यानं घ्यायला लावले. आणि थेट कोपऱ्यातल्या त्या दोन खुर्च्यांच्या मागे, पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. डेनिसनं आपलं ब्लँकेट सरकवून जागा केली. "बसा, कोच." तो टेकला, एमेटचं नाव पुकारलं, तसा उठला.

दुसऱ्या फेरीत एमेट खाली सापडला. मान वळवून त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. कॅस्टील ओरडून सांगत होता, पण पोराची नजर त्याच्या डोक्यावरून मागे गेली. वेंडलनं नुसतं कोपर पोटाशी ओढून दाखवलं. कॅस्टीलनं वळून एकदा पाहिलं आणि पुन्हा तोंड मॅटकडे केलं.

एमेट सुटला की नाही ते मला धड दिसलंच नाही, माझे डोळे भरले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी बाहेरगावचा म्हणाला, "अहो, खाली बसा की. आम्हीही तिकीट काढलंय."

मी मागे वळले. म्हटलं, "तो बसत नाही. तुम्ही सरका."