आधीच सही झालेला फॉर्म

मोडनिंबचे कुंडलिकराव मुख्याध्यापक. सव्वीस वर्षांत अकरा निवडणुका केल्या, पण एकाही कागदावर खाडाखोड नाही. ते केंद्राध्यक्ष असले की आम्ही निर्धास्त असायचो. त्यांची एक पद्धत होती. केंद्रावर पोचलो की संध्याकाळीच सगळे फॉर्म भरून, सह्या करून ठेवायचे. सकाळी घाई नको म्हणून. मी दुसरा मतदान अधिकारी, मतदारांची नोंदवही माझ्याकडे. मलाही ती पद्धत आवडायची.

यंदा सांगोला तालुक्यातलं केंद्र मिळालं. सकाळी साडेपाचला पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चाचणीची पन्नास मतं टाकली. यंत्रावर एकूण पन्नास दिसली, चिठ्ठ्याही पन्नास भरल्या. आता तीन बटणं ओळीनं दाबून निकाल बघायचा आणि ती मतं पुसायची, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बाहेर रांगेवरून भांडण लागलं. कुंडलिकराव मिटवून आले, समोरचं प्रमाणपत्र पाहिलं. त्यावर 'चाचणीची मतं पुसली' असं त्यांच्याच अक्षरात होतं, खाली सही. त्यांनी यंत्राला सील लावलं. प्रतिनिधींनीही न वाचता सह्या केल्या.

नऊ वाजता आकडा कळवायचा होता. माझ्या नोंदवहीत एकशे बारा, यंत्रावर एकशे बासष्ट.

मी तीनदा मोजलं. कुंडलिकराव यंत्राकडे पाहतच राहिले. आठ महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. शेजारचा अधिकारी कुजबुजला की वहीतलाच आकडा कळवू, यंत्राचा आत्ता कोण बघतंय?

कुंडलिकरावांनी प्रतिनिधींना जवळ बोलावलं, आकडा दाखवला. बिरदेव नावाचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, गावात माणसं कमी अन् मतं जास्त झाली की."

क्षेत्रीय अधिकारी धावत आले. त्यांनी सुचवलं, की भांडणाच्या गडबडीत विसरलो असं खुलाशात लिहा, निभावून जाईल.

"विसरलो नाही साहेब," कुंडलिकराव म्हणाले. "मतं पुसली असं मी कालच लिहिलं होतं. सकाळी मी यंत्राऐवजी तेच वाचलं."

खुलाशात त्यांनी तेच लिहिलं. मग मला भरलेल्या फॉर्मची पिशवी उघडायला सांगितली. आतून मतदान संपल्याचं घोषणापत्र निघालं. वेळ सायंकाळी सहा, खाली त्यांची सही. तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते, बाहेर रांग उभी होती.

तो कागद त्यांनी स्वतःच खुलाशाला टाचला.