गढूळ पाण्यातला हामूर

मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजमध्ये मी इंजिनियर होतो, तिथे रत्नागिरीचे एक चाचा फोरमन होते. गरी टाकायला मला त्यांनीच शिकवलं. पाणी नितळ असलं तर बारीक दोरी आणि लहान आमिष; वाऱ्याने ढवळलं तर जड शिसं आणि वास मारणारी तारली. डोंगरात पाऊस झाला की वादी, म्हणजे एरवी कोरडी असलेली नदी, समुद्रात माती आणते. तेव्हा हामूर मासा, आपलं कोकणातलं हेकरूच ते, काठाशी येतो. एवढंच मी पक्कं लक्षात ठेवलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडच्या एका शुक्रवारी डोंगरावर काळं आभाळ होतं, आमच्या डोक्यावर मात्र रणरणतं ऊन. मी वादीचं कोरडं पात्र ओलांडून मुखाजवळच्या खडकावर गेलो. चाचांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते अलीकडे गाडीपाशी थांबले. तासाभरात पात्रातून तांबूस धार उतरली आणि समोरचं पाणी चहासारखं झालं. मी खुशीत शिसं बदललं. हे पाणी आलं कुठून, हा प्रश्न काही या इंजिनियरला पडला नाही.

दोरीला जोराचा हिसका बसला, तेवढ्यात चाचा ओरडले, "दोरी सोड, खलास! वरनं पानी येतंय."

मी हातानेच खूण केली, दोन मिनिटं.

पुन्हा वळून पाहिलं तेव्हा चाचा पात्रात उतरले होते. माझा खडक पाण्याखाली जातो हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. लंगडत ते मला न्यायला येत होते, आणि पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. वरून घरघर ऐकू आली. तरीही दोन श्वास मी दोरी धरूनच होतो.

मग ती सोडून धावलो. त्यांचं मनगट हाती लागलं, त्यांना ओढत माझ्या बाजूच्या चढावर नेलं. मागे वळून बघितलं तर खडक नव्हता, माझी पिशवीही नव्हती. मुळासकट उपटलेली एक बाभूळ समुद्राकडे चालली होती. पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

चाचांनी तोंडातली माती थुंकली. "केवढा होता रे?"

"लहान होता," मी म्हणालो.

ते हसले. त्या हामुराची ओढ अजूनही माझ्या बोटांत आहे, आणि चाचांना मी खरं कधीच सांगितलं नाही.