एकसष्ट पानं, मोठ्यानं

सुमित्रा गजभिये यांना अमेरिकेतल्या बॉथेलमधली आमची अख्खी बिल्डिंग मावशी म्हणते, अगदी तिसऱ्या मजल्यावरचा टॉमसुद्धा. साठी उलटलेली, गाव नागपूर, नोकरी औषधांच्या लॅबमध्ये. चूक दिसली की त्यांच्याच्यानं गप्प बसवत नाही. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि सहा वर्षं त्यांची बोलणी खातोय.

आमच्या बिल्डिंगचं प्रकरण जरा विचित्र आहे. फ्लॅट आमचे, पण खालची जमीन एका कंपनीची, भाडेपट्ट्यानं घेतलेली. पट्टा संपला की जमिनीबरोबर फ्लॅटही कंपनीच्या घशात. सत्तावीस वर्षं उरली होती. एवढ्यावर बँका कर्ज देत नाहीत, म्हणजे विकायला काढला तरी घेणारा मिळत नाही. मावशींना तर तो विकायचाच नव्हता, मुलीला, प्रणिताला, द्यायचा होता. नवरा गेल्यावर ओव्हरटाइम करकरून त्यांनी तो एकटीनं घेतला होता.

मार्चमध्ये कंपनीनं प्रत्येक घरी वेगळी ईमेल पाठवली. पट्टा वाढवून देतो, पण आमच्या नव्या अटींवर. तीस दिवसांत सही करा. आता आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणजे जन्मभर न वाचता ‘आय अ‍ॅग्री’ दाबत आलेली जमात. मी लाँड्रीरूममध्ये एका हातानं कपडे ड्रायरमध्ये कोंबत होतो आणि दुसऱ्या हातानं फोनवर सही करणार होतो. तेवढ्यात मावशी आल्या.

“काय करून राहिला रे शंतनू?”

“लीज एक्स्टेंड करतोय, मावशी. दोन मिनिटांचं काम.”

“वाचलं?”

“समरी वाचली ना. लॉयरनी ड्राफ्ट केलंय यार, आपण काय वाचणार?”

“मी तुझी यार नाही. ठेव तो फोन खिशात.”

मी ठेवला. मावशींच्या माहेरी एक शिस्त होती. त्यांच्या आजोबांनी एकदा न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवला आणि राहतं घर गेलं. तेव्हापासून दारात आलेला कुठलाही कागद सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचल्याखेरीज कुणी सही करायची नाही. वाचायचं काम घरातल्या शाळकरी पोराचं. मावशींनी ते सातव्या वर्षापासून केलं.

पुढच्या रविवारी बुद्धवंदना आटोपल्यावर त्यांनी अठराही घरांना वर बोलावलं आणि मूळ करार काढला. एकसष्ट पानं. प्रत्येकानं एकेक पान मोठ्यानं वाचायचं. बाहेर, बॉथेलमध्ये मार्चात कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलेलं आणि आम्ही आत इंग्रजी कायदा घोकतोय. चहा तीनदा झाला. समोरचे रवींद्रकाका चक्क घोरले. ही बाई आमच्यावर कसला सूड उगवतेय, असं मला वाटायला लागलं.

चव्वेचाळिसावं पान टॉमच्या वाट्याला आलं. तो मध्येच थांबला आणि तेच कलम त्यानं पुन्हा वाचलं. सगळ्या घरमालकांनी मिळून अर्ज केला, तर जुन्याच अटींवर पट्टा नव्व्याण्णव वर्षांनी वाढवून देणं कंपनीला भाग होतं. एकानं जरी वेगळी सही केली, तर सगळ्यांचाच हक्क संपला.

नशिबानं तोवर कुणीच सही केली नव्हती. माझ्या एका बोटानं अठरा घरं बुडाली असती.

आम्ही अर्ज केला. मग कंपनीचा माणूस मावशींच्या घरी गोड हसत आला. मी तिथंच त्यांचा राउटर दुरुस्त करत होतो. तुमच्या एकटीचा पट्टा आम्ही फुकट वाढवून देतो, तुम्ही फक्त अर्जातून नाव काढा, असं तो म्हणाला. मावशी उठल्या, दार सताड उघडलं आणि जिन्यात जाऊन ओरडल्या, “या रे सगळे! साहेब काय म्हणतात ते ऐका!” घराघरांतून माणसं बाहेर आली. साहेबांना एकाएकी दुसरी मीटिंग आठवली. मला त्या दिवशी मावशींचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणीच आलं.

ऑगस्टमध्ये कंपनी वाकली. नवा करारही आम्ही पानन् पान वाचूनच घेतला. सह्यांच्या दिवशी तोच माणूस मावशींपुढे कागद सरकवत कुत्सित हसला आणि इंग्रजीत म्हणाला, “या वयात तुम्हाला सत्तावीस वर्षं पुरेशी होती. एवढी वर्षं घेऊन करणार काय?”

मावशींनीही त्याला इंग्रजीतच सुनावलं, अगदी सावकाश. “एवढी वर्षं मी जगणार नाही. तुम्हीही नाही. पण मी मेल्यावर माझ्या घरात कोण राहील, हे तुमची कंपनी ठरवणार नाही. मी ठरवणार.”