बदलीवर गेलेल्या वीरांचे मुकुंदराव

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीला, सकाळी ठीक अकरा वाजता, आरती झाली होती आणि प्रसाद वाटायचा होता, तेवढ्या वेळात श्री. मुकुंदराव पेठे यांनी भर सभागृहात माझी बाजू सोडली. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू करत नाहीत, हे मला कळते. संपादकांनी "पहिल्या भेटीपासून सुरुवात करा" असे बजावलेही होते. पहिली भेट पुढे येईल. पण ज्या माणसावर चाळीस वर्षांत एकदाही धड रागावता आले नाही, त्यांच्यावर रागावायची संधी एकदाच मिळाली. ती मी मागच्या पानावर ढकलणार नाही.

मुकुंदराव हावड्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांचे सुटे भाग काढायचे आणि संध्याकाळी बालीगंजच्या घरी जेवणाच्या टेबलावर 'हुगळी पथक' काढायचे. आपल्या मंडळाच्या त्रैमासिकात चाळीस वर्षे चाललेली ही चित्रकथा इथल्या प्रत्येक मराठी घराने कधी ना कधी वाचली आहे. हुगळीच्या काठावरचे एक लहानसे कार्यालय, त्यात बसणारे अचाट शक्तीचे वीर, आणि शहरावर येणारी संकटे. वीर मुकुंदराव स्वतःच्या मनाने कधीच निर्माण करत नसत. मंडळातल्या मुलाने यायचे, आपल्या वीराची शक्ती सांगायची, मग ते पेन्सिल उचलायचे. म्हणून आपल्या पथकात चुंबकासारखी लोखंड ओढणारा चुंबक्या होता, तशीच फक्त गुरुवारी अदृश्य होणारी एक मुलगीही होती. गुरुवारीच का, असे मी विचारले, तेव्हा मुकुंदराव म्हणाले, "गुरुवारी तिची गणिताची शिकवणी असते."

आता पहिली भेट. मी नागपूरची, नन्सच्या शाळेत शिकलेली, लग्न होऊन कलकत्त्याला आलेली. माझे इंग्रजी उत्तम होते आणि मराठी स्वयंपाकघरापुरते. मंडळाच्या चित्रकला स्पर्धेच्या प्रशस्तिपत्रकांवर मी इंग्रजीत नावे लिहीत बसले होते. एक उंच गृहस्थ बराच वेळ पाठीमागे उभे होते.

"अक्षर फार सरळ आहे तुमचं," ते म्हणाले.

"वाकडं आलं की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या."

"छान. मराठी लिहिता येतं?"

"बोलता येतं."

"चालेल. मग आमच्या वीरांचे फुगे तुम्ही भरा."

फुगे म्हणजे पात्रांच्या तोंडचे शब्द ज्यात लिहितात ते. मजकूर मुकुंदराव तोंडी सांगत, शब्द बसवायचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच अंकात ज्यूटच्या गिरणीला आग लागली होती आणि आमचा वीर गर्दीतून वाट काढत होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिले, "कृपया बाजूला व्हा." मुकुंदरावांनी ते वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शालिनीबाई, आग लागलीय. आगीत कुणी कृपया म्हणत नाही."

"सभ्य माणसं म्हणतात."

"सभ्य माणसं तोवर जळून जातात."

मी खोडून "सरका" असे लिहिले. मला मराठी लिहिता येते ते या गृहस्थांमुळे. त्यांनी मला व्याकरणाचा एक धडा दिला नाही. फक्त प्रत्येक वेळी विचारले, "हे कोण म्हणतंय, आणि त्याला किती घाई आहे?"

पथकाची एक रीत होती, आणि ती आपल्यासारख्याच लोकांना सुचली असती. आपण बदलीची माणसे. बँक, रेल्वे, केंद्र सरकार, तीन वर्षे झाली की ट्रंका बांधायच्या. एका मुलाच्या वडिलांची बदली झाली तेव्हा तो मुकुंदरावांकडे येऊन रडू लागला. मी गेल्यावर माझा वीर इथेच राहणार का, असे त्याने विचारले. पुढच्या अंकात त्या वीराचीही बदली झाली. शेवटच्या चौकटीत हावडा स्टेशन, फलाटावर सारे पथक, खांद्यावर होल्डॉल घेतलेला वीर, आणि कुणीतरी म्हणते, "पोचल्यावर कळव." तेव्हापासून तीच रीत पडली. इतरांच्या चित्रकथांत वीर मरतात. आमच्याकडे त्यांची बदली होते. चाळीस वर्षांत मुकुंदरावांनी एकालाही मारले नाही. गेलेल्या मुलांची भोपाळहून, गुवाहाटीहून पत्रे येत. आमच्या वीराने इकडे काय केले, ते मुले कळवत, आणि मुकुंदराव ते एका कोपऱ्यात काढत.

मोठ्यांची नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, हा त्यांचा दोष मी इथे नोंदवून ठेवते. वीरांची मात्र सगळी राहतात. काही वर्षांपूर्वी एक बडे अधिकारी बदलीवर पुन्हा कलकत्त्याला आले. मंडळात त्यांचा सत्कार ठेवला होता. अध्यक्ष हार घेऊन पुढे होत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून मुकुंदराव मोठ्याने म्हणाले, "अरे चुंबक्या, केव्हा आलास?" त्या टक्कल पडलेल्या माणसाने हार तसाच अध्यक्षांच्या हातात ठेवला आणि मागच्या रांगेकडे गेला.

माझ्यावरचे त्यांचे ऋण वेगळे आहे. माझे यजमान शेवटचे आजारी होते तेव्हा भेटायला येणारे सगळे तब्येतीची चौकशी करत. त्यामुळे यजमान आणखी आजारी दिसत. मुकुंदराव आले ते रंगांची पेटी आणि अर्धवट मुखपृष्ठ घेऊन. "साहेब, आकाश राहिलंय. तुम्ही करा." यजमान अभियंते होते, आयुष्यात कुंचला हातात धरलेला नव्हता. त्यांनी कित्येक दिवस ते आकाश रंगवले. रेषेबाहेर गेले, पुलाच्या कमानीतही शिरले. मुकुंदरावांनी ते तसेच छापले आणि आत श्रेय दिले, त्यात यजमानांच्या नावापुढे लिहिले होते, "आकाश". तो अंक यजमानांनी उशाशी ठेवला होता.

अशा या माणसाने गेल्या गणेशचतुर्थीला काय केले, ते आता सांगते.

सायली ही मंडळाच्या अंकाची नवी संपादक. इथेच, कलकत्त्यातल्या डमडमला लहानाची मोठी झालेली, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी, हुशार मुलगी. आरतीचे ताट खाली ठेवल्या ठेवल्या ती उभी राहिली.

"काकू, पथक आता रीबूट करायला हवं."

"म्हणजे काय करायचं?"

"सगळं पुन्हा पहिल्या अंकापासून. जुनं काही घडलंच नाही असं धरायचं. नवीन मुलांना एक पान कळत नाही. हा भोपाळचा, तो मूळचा कुणाचा, ही कधी गेली, परत का आली. त्यात मराठी वाचायची आधीच मारामार."

"आणि जुने वीर?"

"पहिल्याच पानावर स्फोट. हावडा पुलावर. सगळे गेले."

चाळीस वर्षांत आम्ही ज्यांना खरचटू दिले नाही, त्यांना या मुलीने मोदक खायच्या आधी संपवले. त्यात चुंबक्या होता, गुरुवारची मुलगी होती, आणि यजमानांनी रंगवलेले आकाशही होते. ते आकाशसुद्धा कधी घडलेच नाही, असे धरायचे होते. मी मुकुंदरावांकडे पाहिले. आता ते चष्मा काढतील, पुसतील आणि एका वाक्यात निकाल लावतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सायलीचं बरोबर आहे. एकपासून सुरू करू."

मी प्रसाद न घेता घरी आले. पुढचे कित्येक दिवस त्यांचे फोन वाजत राहिले, मी ते वाजू दिले. सायलीचा एक निरोप आला, "काकू, रागावलात का?" मी उत्तर पाठवले, "मी कधी घडलेच नाही असे धर."

दुर्गापूजेत, सप्तमीला दुपारी, बेल वाजली. मुकुंदराव आणि सुमतीवहिनी दारात उभे. बालीगंजच्या मंडपांच्या गर्दीतून वाट काढत, घामाघूम होऊन आले होते. वहिनींच्या हातात मोदकांचा डबा होता.

"चतुर्थीचा प्रसाद राहिला होता तुमचा," वहिनी म्हणाल्या. "आज केलेत. हे म्हणाले, त्याशिवाय दार उघडणार नाही."

"दार उघडलंय. बोलण्याचं अजून ठरलेलं नाही."

मुकुंदरावांनी चित्रांची फाइल टेबलावर ठेवली. सगळी पाने तयार होती, फुगे रिकामे.

"सायलीला सांगा भरायला. संगणक आहे तिच्याकडे."

"तिने भरले होते. वीर बँकेच्या नोटिशीसारखे बोलायला लागले. तीच म्हणाली, काकूंकडे जा."

मी पहिले पान पाहिले. स्फोट नव्हता. हावडा स्टेशन होते, तोच फलाट, तोच खांब, तेच घड्याळ. पण गाडी सुटत नव्हती, येत होती. डब्यातून एक लहान मुलगी उतरत होती, आणि तिला घ्यायला कुणीही आले नव्हते.

"शालिनीबाई," मुकुंदराव म्हणाले, "जाणाऱ्यांसाठी आपण चाळीस वर्षं हा फलाट काढला. येणाऱ्यांसाठी एकदाही काढला नाही. सायलीची कधी बदलीच झाली नाही हो. तिच्या वीराला निरोप मिळाला नाही, की स्वागत मिळालं नाही. ती चिडणार नाही तर काय करील?"

मी पान उलटले. मुलगी विचारत विचारत पथकाच्या कार्यालयात पोचते. खुर्च्या रिकाम्या, सगळे बदलीवर. कुणी मेलेले नाही, कुणी पुसलेले नाही. गरज पडली की कुणालाही बोलावता येईल, आणि तोवर नव्या वाचकाला कुणाचीच ओळख असण्याची गरज नाही. कार्यालयात एकच म्हातारी उरली आहे, पथकाची मावशी. तिच्या तोंडून निघालेला शब्द लोखंडाचा होतो आणि समोरच्याच्या पायावर पडतो.

"हे नाक माझं आहे," मी म्हणाले.

"नाक गोष्टीला लागतं."

"जीभसुद्धा माझीच आहे."

"ती मात्र उसनी घेतली."

वहिनी खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी पुढे वाचत गेले. गिरणीला आग लागते. नव्या मुलीला मराठी अर्धेमुर्धेच येते. ती गर्दीसमोर उभी राहून हात जोडते. तिच्या फुग्याच्या कडेला मुकुंदरावांनी पेन्सिलीने लिहिले होते, "कृपया बाजूला व्हा." आणि मावशीच्या फुग्याशी काहीच लिहिलेले नव्हते. ते शब्द मला तोंडपाठ होते, हे त्यांना ठाऊक होते.

त्या दुपारी मला जे वाटले त्याला सुटका म्हणतात. मी मोदक खाल्ले, पेन काढले आणि फुगे भरायला बसले. खाली पूजेचे ढाक, म्हणजे बंगाली ढोल, वाजत होते. मुकुंदराव नेहमीप्रमाणे विचारत होते, "हे कोण म्हणतंय, आणि तिला किती घाई आहे?"

अंक संक्रांतीला निघाला. तिळगुळाच्या कार्यक्रमात सायलीने एका मुलीला पुढे बोलावले. तिचे नाव इरा, वय नऊ, नुकतीच डमडमला राहायला आलेली. मराठी बोलते ती हिंदीला धरून. तिने बोट ठेवून, अडखळत, आख्खा अंक मोठ्याने वाचला, आणि कुणाला काही विचारावे लागले नाही. "आगीत कुणी कृपया म्हणत नाही" या वाक्याला ती स्वतःच हसली आणि ते तिने पुन्हा एकदा वाचले. मी सायलीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघींनीही एकमेकींची माफी मागितली नाही. तिने मला तिळगूळ दिला, आणि मी "गोड बोलेन असं समजू नकोस" असे सांगून तो घेतला.

मग इराने मुकुंदरावांना विचारले, "आजोबा, मावशीपण चालली जाणार? तिचीपण बदली होणार?"

मुकुंदरावांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

तेवढे म्हणून त्यांनी चहा घेतला आणि विषय तिथेच राहिला. त्यानंतर मी दोनदा विचारले. एकदा त्यांना ट्राम पकडायची होती आणि एकदा कमी ऐकू आले. नऊ वर्षांच्या मुलीला असे ताटकळत ठेवणे त्यांना शोभत नाही, आणि मावशीच्या वयाच्या बाईलाही नाही. म्हणून हा लेख.

मुकुंदरावांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, याबद्दल मंडळातर्फे आणि बदलीवर गेलेल्या सर्व वीरांतर्फे त्यांचे अभिनंदन. त्यांनी वहिनी देतील त्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, चालत्या ट्राममधून उतरणे सोडावे, आणि शंभरी गाठावी. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. मावशीला तिच्या नाकासकट काढू शकेल असा हात दुसरा नाही. तो हात हलता आहे तोवरच तिची खुर्ची शाबूत आहे.

इराच्या प्रश्नाचे उत्तर मला लेखी हवे आहे, येत्या गणेशचतुर्थीला, सकाळी अकराच्या आत, प्रसाद वाटायच्या आधी. एका चौकटीत दिले तरी चालेल, फलाट काढावा किंवा मावशीची खुर्ची. फुगा रिकामा पाठवावा. त्यात काय लिहायचे ते मला ठाऊक आहे.